जाऊबाईंची सूतगिरणी

बीड जिल्ह्यात आजवर जेवढी कुलपं विकली गेली, त्यातली निम्मी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी निकामी केली, असं मी कुणाच्याही देवघरात उभी राहून सांगेन. सिरसाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची एक सहकारी सूतगिरणी होती. होती म्हणजे भिंती, पत्रे आणि पाण्याची उंच टाकी अजून आहेत, सूत तेवढं नाही. ती बंद पडल्यावर संचालक मंडळाने तिच्या फाटकाला वरचेवर नवं कुलूप लावावं आणि जाऊबाईंनी ते वरवंट्याने उतरवावं, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. बरं, कुलूप फोडून लपवणं वगैरे नाही. फोडलेलं कुलूप स्वच्छ पुसून, पदराच्या टोकात बांधून त्या थेट चेअरमनसाहेबांच्या वाड्यावर जात. "तुमची वस्तू आमच्याकडं राहून गेलती," म्हणून हातात देत, चेअरमनीणबाईंनी केलेला चहा पीत, आणि पुढच्या गाडीने परत येत. बाईंची उंची माझ्या खांद्याइतकी, पण आवाज असा की टाकीवर चढलेला माणूस दचकून खाली उतरेल. मी बीडला दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहणारी, शेजारणीशीसुद्धा दार किलकिलं करून बोलणारी बाई. असली जाऊ मला कशी काय मिळाली, हे माझ्या आईवडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

थोरले दीर त्या गिरणीत सूत कातायच्या रिंगफ्रेम खात्यात कामाला होते. भागातल्या कापूसवाल्यांनी एकेक शेअर घेऊन ती गिरणी उभी केली होती. आमच्या सासऱ्यांचाही त्यात एक शेअर होता, आणि त्या एका शेअरवर जाऊबाई अख्खी गिरणी घरची समजत. दिरांचा डबा घेऊन गेल्या की तो फाटकावर देऊन परत फिरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तडक आत जायच्या, नवरा जेवत असताना मशीनवरच्या पोरींना तुटलेला धागा कसा जोडायचा ते शिकवायच्या. त्यांना स्वतःला तो कधी जोडता आला नाही, पण त्याने शिकवण्यात काही अडायचं नाही. मग एका वर्षी गिरणी बंद पडली. फाटकावर 'तात्पुरती बंद' अशी पाटी आली. पाटीचा रंग उडाला तरी तात्पुरतं काही संपेना. दीर रोज सकाळी इस्त्रीची पॅन्ट घालून फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसून यायचे, आणि अशाच एका उन्हाळ्यात ते गेले. जाऊबाई रडल्या, भिंती हलतील अशा रडल्या. तेरावा झाल्यावर मात्र डोळे पुसून म्हणाल्या, "माजा मानूस बाहीर बसून मेला. मी आत बसून मरनार, बघ तू." मला वाटलं दुःखात बोलतात माणसं काहीबाही. पण या बाईने दुःखात काय आणि सुखात काय, काहीबाही कधी बोललेलंच नव्हतं.

संधी दिली ती दुष्काळाने. विहिरी तळाला गेल्या, कडबा मिळेना, आणि गिरणीच्या रिकाम्या मैदानात जनावरांची चारा छावणी लागली. जाऊबाई आपली एक म्हैस घेऊन पहिल्या दिवशी दाखल झाल्या. आमच्याकडची छावणी म्हणजे जनावराच्या दावणीशेजारीच माणसाचं अंथरूण. तिथेच चूल, तिथेच भांडण, तिथेच सोयरिकी. पुढच्या वर्षी पाऊस झाला, लोक आपापली जनावरं घेऊन घरी गेले. पण ज्यांना घर म्हणावं असं काही उरलं नव्हतं, ते घुटमळले. त्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं होती, दोन घरं मेंढरं राखणाऱ्यांची होती. छावणीचा कारभारी म्हणाला, "चला, आटोपा, छावनी संपली." जाऊबाई म्हणाल्या, "जनावराची संपली असंल. मानसाची चालू ऱ्हाईल." आणि सगळ्यांना घेऊन त्या पत्र्याखाली, सूत खात्यात शिरल्या. कुलपांचा इतिहास सुरू होतो तो तिथून.

मी पहिल्यांदा त्यांना समजावायला गेले तेव्हा चक्रावले. यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती, आणि त्यांच्या जागी ओळीने घरं! दोन खांबांमध्ये एक घर, मध्ये पोत्यांच्या, जुन्या लुगड्यांच्या भिंती, खाली शेणाने सारवलेली जमीन. पत्ता विचारला तर कुणी सांगे, "कार्डिंग खात्यात राहतो जी," कुणी म्हणे, "आमी पॅकिंगमधले." पॅकिंगमधली माणसं कापूस पिंजायच्या खात्यातल्या कार्डिंगवाल्यांना जरा कमी लेखत, कारण पॅकिंगचा पत्रा गळत नसे. स्वतः जाऊबाई फाटकाजवळच्या टाइम ऑफिसात राहात. ज्या खिडकीतून कामगारांची हजेरी घेत, त्याच खिडकीतून त्या येणाऱ्याजाणाऱ्याची घेत. कुणाचं पोर शाळेला न जाता परत फिरलं, कोण पिऊन आलं, कुणाची सून रुसून निघाली, सगळ्यांची रवानगी जिथल्या तिथे. लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगून त्यांनी तीन पाळ्यांचे टोल सुरू केले होते. गिरणी बंद, पाळी कशाची? तर पहिल्या टोलाला उठायचं, दुसऱ्याला टँकरच्या रांगेत घागरी मांडायच्या, तिसऱ्याला दिवे मालवायचे. टँकरची नळी बाई स्वतः धरत. एकदा एका संचालकाचा ड्रायव्हर गाडी धुवायला पाणी मागायला आला. बाईंनी त्याला रांगेत शेवटी उभं केलं, आणि त्याची पाळी आल्यावर तांब्याभर पाणी प्यायला दिलं. तो म्हणाला, "गाडीचं काय?" तर म्हणाल्या, "तिला कुटं तहान लागली? लागली म्हंजी सांग."

पण खरा जाच पुढेच होता. जाऊबाईंचा कायदा असा की फुकट राहायचं नाही, ज्याने त्याने काहीतरी हुन्नर दाखवायचा. "शिव, न्हाईतर इन, न्हाईतर गानं म्हन. नुसतं खाऊन झोपायला ही काय धर्मशाळा हाय?" मेंढरंवाल्या घरातल्या म्हाताऱ्याने त्यामुळे घोंगडीचा माग लावला. बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायला बसल्या, आणि त्यांच्या वाकळी सिरसाळ्याच्या बाजारात दुपारच्या आत संपू लागल्या. तोडीवरून परतल्यावर पुरुषमंडळींनी भारुडाचा फड जमवला. त्या रिकाम्या खात्यात आवाज असा घुमे की एक टाळ वाजवला तरी पाच वाटावेत. जाऊबाईंचा स्वतःचा हुन्नर म्हणजे भिंतीवर मोर काढणं. गेरू आणि चुना घेऊन त्यांनी 'धूम्रपान करू नये' च्या पाटीपासून पार शौचकुपापर्यंत मोर काढले होते. ते मोर आहेत हे त्या सांगत म्हणून कळे. मला तरी सगळ्या खुडूक कोंबड्या वाटल्या, आणि मी तसं बोललेही. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्याने चुन्याची बादली धरून उभी राहिले. तशी मी संध्याकाळपर्यंत उभीच होते.

आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट मी हसून घालवू देणार नाही. आमच्याकडची जोडपी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. लेकरं बरोबर गेली की शाळा सुटते, आणि उसाच्या फडातच मोठी होऊन तीही कोयता धरतात. गिरणीत राहणाऱ्यांची लेकरं मागे राहू लागली. म्हातारी माणसं होती, टोल होते, आणि खिडकीत जाऊबाई होत्या. ती जागा गेली असती, तर ही सगळी वरात पुन्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली असती. एवढ्यासाठी ती बाई कुलपं फोडत होती. तिला कुणी वेडी म्हटलं की माझं डोकं फिरतं, मग ते म्हणणारे आमचे हे का असेनात.

तर अशा त्या गिरणीवर चेअरमनसाहेबांना एकदम माया आली. ते कुठेसे पुण्या-मुंबईला जाऊन आले होते. तिथे जुन्या गिरण्यांत आता चित्रांची दालनं, नाटकं, महागडी घरं झालीत, असं पाहून आले, आणि आपल्याकडेही 'कलाग्राम व निवासी संकुल' करायचं त्यांनी ठरवलं. पुण्याहून एक आर्किटेक्ट मुलगी आली. गोड होती हो पोर, उगाच नाव ठेवणार नाही. उन्हाने लाल झालेली, पण जमिनीवर मांडी घालून बसली, भाकरी-ठेचा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी काढत दुसरी भाकरी मागितली. जाऊबाईंचे मोर पाहून तर तिने टाळ्याच वाजवल्या, आणि मोरांना मोर म्हणाली. त्यावर जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरलेले नाही.

मग तिने मोठा कागद उलगडला. कागदावर आमचीच गिरणी होती, पण नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. आत गोल पायऱ्यांचं नाट्यगृह, कलादालन, क्लब हाऊस, मागे दोन-दोन खोल्यांच्या घरांच्या इमारती. गवत हिरवंगार, आमच्या तालुक्यात टँकर चालू असताना! आणि त्यावर पांढरी, सडपातळ माणसं फिरत होती. एकीच्या हातात कुत्र्याची दोरी. जाऊबाईंनी कागदावर बोट फिरवत खूप वेळ घालवला.

"कुत्रं हाय," त्या म्हणाल्या. "म्हस कुटं हाय?"

"आजी, यात म्हशींना जागा नाहीये."

"मग सारवायला शेन कुटून आननार?"

"सारवायचं नाही आजी. फरशी असेल." मुलीने समजुतीने सांगितलं, "आणि तुमच्यासारख्या कलाकारांना आम्ही स्टॉल देणार आहोत. मोर काढा, वाकळी विका. सकाळी यायचं आणि संध्याकाळी जायचं."

"जायचं कुटं?" जाऊबाई म्हणाल्या.

मुलीने कागद गुंडाळला, आणि जाताना जाऊबाईंच्या पाया पडली. जाऊबाईंनी तिला आशीर्वाद दिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, पन तिला कुनीतरी निस्तं चित्र काढायला लावलंय. मानसं मोजायला कुनी सांगितलंच न्हाई."

ते वर्ष पुन्हा दुष्काळाचं होतं. छावणी लागणार, लागणार, अशी आवई उठून महिना झाला होता. लोक कडब्याची एकेक पेंढी जपून सोडत होते. आणि अशात चेअरमनसाहेबांच्या माणसांनी येऊन भूमिपूजनासाठी मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या. इथे नाट्यगृह म्हणून गोल, इथे कलादालन म्हणून चौकोन, इथे क्लब हाऊस. आता तुम्हीच सांगा, दुष्काळात रिकाम्या मैदानावर फक्कीचे चौकोन दिसले तर आमच्या जिल्ह्यातला माणूस काय समजेल? पुण्याचा काय समजेल ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे ती रेघ एकाच गोष्टीची. प्रत्येक चौकोन म्हणजे एकेका गावच्या जनावरांची जागा. जाऊबाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि टाइम ऑफिसातल्या देवापुढे साखर ठेवली. "चेअरमनला सुबुद्दी सुचली गं माय! छावनी लागायली." लगेच दूधवाल्याकरवी, सिरसाळ्याच्या जीपवाल्यांकरवी, बाजारातल्या बायांकरवी सांगावे गेले. मला बीडला फोन आला. "धाकटे, ये. छावनीचं उद्घाटन हाय. पूजेला कुंकू घिऊन ये, देवापुढचं सरलंय."

मी गेले ती भूमिपूजनाच्या सकाळी. आणि काय सांगू! रस्त्यापासून टाकीपर्यंत जनावरंच जनावरं. नाट्यगृहाच्या गोलात म्हशी मानेला मान लावून उभ्या. कलादालनात शेळ्या. क्लब हाऊसात बैल, आणि त्यातला एक बैल भलताच नाठाळ. जाऊबाई मध्ये उभ्या राहून जागा वाटून देत होत्या. "रेघंच्या आत बांद बाबा, रेघ मोडू नको! त्या साहेबांनी लई कष्टानं आखलीया." पलीकडे चेअरमनसाहेबांचा मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांत मोठमोठे पाहुणे आणि त्यांच्यामध्ये ती आर्किटेक्ट पोरगी, पांढरीफटक पडलेली. चेअरमनसाहेब गाडीतून उतरले, समोर पाहिलं, आणि हातातला मोबाइल कानाला तसाच धरून उभे राहिले.

"कुनी आनली रे ही जनावरं?" त्यांनी आपल्या माणसांना विचारलं. "कशाला आनली?"

एवढ्यात पंचक्रोशीतले शेतकरी पुढे आले. कुणी हार घातला, कुणी पायांना हात लावला. एक म्हातारा तर चेअरमनच्या गळ्यात पडून रडायलाच लागला. त्याने म्हैस विकायला बाजारात काढली होती, आणि सांगावा मिळाल्यावर अर्ध्या वाटेवरून माघारी वळवली होती. जाऊबाईंनी चेअरमनच्या कपाळाला मी आणलेल्या कुंकवाचा टिळा लावला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, इतकी वर्सं मी तुमचं कुलूप फोडलं. आज तुमी फाटक उगडलं. चुकलंमाकलं पोटात घाला." आणि खरोखर हात जोडले. चेअरमनसाहेब राजकारणातले मुरलेले गडी. एकदा त्यांनी म्हशींकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे, निवडणुकीचा अंदाज घेतला असणार, आणि नारळ फोडला. भाषणही केलं. जनावरांची सेवा हे आपलं जुनं स्वप्न असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर मी जाऊबाईंना बाजूला घेतलं. "अक्का, खरं सांगा. तुम्हाला माहीत नव्हतं, ती फक्की कलाग्रामाची होती ते?" बाई अशा चमकल्या, की मला उत्तर तिथेच मिळालं. "कलाग्रामाची?" त्या खाली बसल्या. "मंजी आमाला हितून काढायला मारलीती?" मी हो म्हणाले. मग संतापल्या, चेअरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्याच्या कपाळावरचं कुंकू परत आणायला निघाल्या. मी पदर धरून बसवलं. पण थोड्या वेळाने त्या उठल्या त्या मांडवात गेल्या. आर्किटेक्ट पोरगी रिकाम्या खुर्च्यांत एकटीच डोळे पुसत होती. जाऊबाईंनी तिला जवळ घेतलं. "रडू नको माय. चित्र चांगलं हाय तुजं. मानसं घालून पुन्ना काढ."

आणि तिने काढलं हो. छावणी पावसाळ्यापर्यंत चालली, तोवर ती दोनदा येऊन गेली. नव्या कागदात मागची खाती राहणाऱ्यांना ठेवली होती, मध्ये पक्क्या भिंती, मागाला उजेड यावा म्हणून पत्र्यात काचा. एका कोपऱ्यात तिने म्हैसही काढली होती. जाऊबाई म्हणाल्या, "एकली म्हस रडती. दुसरी काढ." मुलीने तिथल्या तिथे दुसरी काढली. सर्वसाधारण सभेत छावणीवाले शेतकरी, जे गिरणीचेच सभासद, ते सगळे एका बाजूने उभे राहिले, आणि मागची खाती वस्तीला द्यायचा ठराव झाला. पुढच्या भागात कलाग्राम व्हायचं होतं, त्याचं आमच्या रीतीप्रमाणे मंगल कार्यालय झालं. तिथल्या लग्नांत गिरणीतल्या फडाला भारुडाची सुपारी मिळते, आणि नवरीच्या आईला वाकळ भेट द्यायची पद्धत पडली आहे.

सगळं नीट झालं, असं वाटतं ना? मलाही वाटलं. फक्त जाऊबाईंना वाटलं नाही. "ठराव आज करत्यात, उद्या फिरवत्यात," म्हणून त्यांनी फाटक सोडलंच नाही. माझ्या लेकीच्या लग्नाला आल्या नाहीत. नारायणगडच्या जत्रेला सगळी वस्ती गेली तरी या खिडकीत. गुडघे सुजले, बीडला दवाखान्यात चला म्हटलं, तर "मी हालले की ते आत घुसतेत" हे एकच पालुपद. ज्या बाईने इतक्यांना जागा मिळवून दिली, तिला त्या जागेतून पाऊल बाहेर टाकता येईना. याचा मला फार राग यायचा. राग कसला, जीव तुटायचा.

गेल्या उन्हाळ्यात निरोप आला की गेवराईकडे, गोदाकाठच्या गावात, त्यांचा एकुलता भाऊ अंथरुणाला खिळलाय. बहिणीची आठवण काढतोय. जाऊबाई नुसत्या खिडकीत बसून राहिल्या, जेवल्या नाहीत. मी तशीच गाडीत बसून गेले, आणि त्यांच्या पिशवीत लुगडं कोंबून पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "उठा. सांजेपर्यंत या जाऊन. तोवर मी बसते."

"तू?" त्या म्हणाल्या. "तुला कुनी वरडून बोललं तर तू रडतीस."

"रडत रडत बसेन. पण बसेन."

त्या गेल्या. दुपारी खांद्याला टेपाची पिशवी लावलेला एक नवा माणूस आला. "बाई कुठायत?" असं त्याने विचारलं. "समोर बसलीये ती कोण आहे मग?" मी म्हणाले. तो म्हणाला, मागच्या खात्यांचं मोजमाप घ्यायचंय, वरून सांगितलंय. "वरून म्हणजे टाकीवरून का? त्यांना खाली यायला सांगा. सभा बोलवू, सगळे सभासद बसतील, मग मोजा. तोवर आतल्या चुलीपुढं पाय टाकलात तर बघा!" माझा आवाज पत्र्याला लागून असा काही घुमला की कार्डिंग, पॅकिंग, सगळी खाती बाहेर आली. त्या माणसाने पाणी मागितलं. प्याला आणि गेला.

सांजेला येते म्हणून गेलेल्या जाऊबाई सांजेला आल्या नाहीत. भाच्याच्या मोबाइलवरून आधी घडीघडीला फोन, फाटक कसंय, टोल दिला का, टँकर आला का. दुसऱ्या दिवशी एकच फोन. मग तोही नाही. मला आधी काळजी वाटली, नंतर चीड आली, आणि मग लक्षात आलं की इतक्या वर्षांनी बाई माहेरी निवांत झोपली असेल. मी टोल देत राहिले.

आल्या त्या चांगल्या चार-सहा दिवसांनी, टळटळीत दुपारी. फाटक सताड उघडं होतं. त्या बाहेरच, रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन थांबल्या. केस विंचरलेले, भावजयीने नेसवलेलं नवं लुगडं, चेहऱ्यावर झोपेची सूज. आयुष्यात कुणाला विचारून पाऊल न टाकलेली बाई! पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"भाऊ?" मी विचारलं.

"उटून बसलाय. चार घास खाल्ले माज्या हातचे." मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "धाकटे, यू का आत?"

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. मी जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि "या" एवढंच म्हणाले. बीडची गाडी फाटकासमोर थांबली, तिने दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेली, तरी आम्ही दोघी पायरीवर बसूनच होतो.